चतुराबाईच्या चुलीतला विस्तव

माझा दोस्त भुजंग साखर कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं फायरमन. उसाची चिपाडं आत लोटायची, वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची, हे काम. सांगायचा मात्र अशा थाटात, की कारखाना ह्याच्याच जिवावर चाललाय! त्याची बायको चतुराबाई त्याला बराबर जमिनीवर आणायची. "तुमी बी जाळ घालता, मी बी घालते. माझ्या जाळावर भाकरी तरी होते!"

हा त्याचा शेवटचा हंगाम. घरी बसण्याआधी आपला जाळ काय करतो ते हिनं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची हौस. आणि बघा, बॉयलर पेटवण्याच्या पूजेचा मान ह्याच जोडप्याला मिळाला.

साहेब काडेपेटी घेऊन उभे. चतुराबाईनं पदराआडून खापर काढलं. राखेखाली घरच्या चुलीतला विस्तव! "नवी चूल शेजारच्या विस्तवानं पेटवतेत, काडीनं न्हाई," ती म्हणाली. माणसं हसली, भुजंगानं मान खाली घातली. पण विस्तव आत गेला आणि चिपाडं भडकली.

मग तासभर काहीच नाही. "एवढ्यात माझं वरण शिजलं असतं," म्हणत बाई घरी. भुजंगाचं तोंड एवढंसं झालं.

तिसऱ्या दिवशी वाफ चढली. त्यानं तिला फोन केला, "जल्दी ये." मीही गेलो मागं. टर्बाइनच्या खोलीत जाळ नाही, धूर नाही. नुसती घरघर, आणि पायाखालची फरशी थरथरतेय.

"जाळानं पाणी तापलं, वाफ झाली," भुजंग ओरडून सांगत होता. "वाफ हे चाक फिरवून राह्यली, चाक वीज करून राह्यलं. वर बघ!"

वरचा दिवा लखकन लागला.

"भाताच्या पातेल्यावरचं झाकण उडवती, ती वाफ?"

"तीच. कोंडून धरलेली."

चतुराबाई आ वासून बघत राहिली. मग चुलीपुढं धरतात तसे दोन्ही तळवे तिनं दिव्याकडं धरले.

संध्याकाळी आम्ही राहतो त्या कॉलनीत कारखान्याची वीज आली. शेजारच्या उषाबाईनं हाक मारली, "चतुराबाई, तुमच्याकडं लाईट आली का?"

"आली की! माझ्याच चुलीतली हाय, जपून वापर!"

भुजंगानं माझा दंड घट्ट धरला. "ऐकलंस ना?"

म्हटलं, "सगळ्या कॉलनीनं ऐकलं."