मोहनसिंगची वरची दाढ
सेनगावच्या स्टँडवर मोहनसिंग राठोडची काळीपिवळी लागली की लोक दुसऱ्या जीपकडे बघतसुद्धा नसत. म्हातारीला हात धरून चढवणार, नव्या नवरीची मस्करी करणार, रडक्या लेकराला हॉर्न वाजवू देणार! गाडीत मावतील त्याच्या दुप्पट माणसं कोंबायची आणि एकालाही राग येऊ द्यायचा नाही, हे काय खायचं काम आहे? सगळी त्याच्या तोंडाची करामत. धंदा त्याच तोंडावर चालला होता.

आणि त्याच तोंडाचे हाल मात्र कुत्रं खात नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर तंबाखू, जेवल्यावर तंबाखू, मधल्या वेळात गुटखा. घरात ब्रश होता, नाही असं नाही, पण त्यानं तो गाडीच्या बॅटरीची टोकं घासायचा. बॅटरी लख्ख होती. वरची डावी दाढ मात्र किडली आणि एक दिवस जी ठणकायला लागली, ती थांबेचना.

मग माणूसच पालटला. सुट्टे नसले की "उतर खाली!" कोणी हळू चढलं की "मावशे, मुहूर्त काढून आलीस का?" हॉर्नला हात लावणाऱ्या एका पोराला तर त्यानं असा दम भरला, की पोरगं घरापर्यंत उचक्या देत गेलं. रात्री डोळ्याला डोळा नाही, दिवसा गाडीत पेंग. माणसं मुकाट्यानं दुसऱ्या जीपकडे वळायला लागली.

जी उरली ती सगळी डॉक्टर! एकानं लवंग दिली, दुसऱ्यानं कापूर, तिसरा म्हणाला, कापूस डिझेलमध्ये बुडवून दाबून धर, टाकीत हायेच की. रत्नपाल मास्तर रोज पुढच्या सीटवर. ते नुकतेच आरोग्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते. "मोहनसिंग, तोंडाचं आरोग्य चांगलं असलं की कामात चित्त लागतं. झोप लागते, चिडचिड होत न्हाई, माणसं जोडली जातात," असं सगळं बरोबर सांगून मास्तरांनी खिडकीबाहेर पिंक टाकली. जीपचा दरवाजा लाल झाला.

तांड्यावर घरी बायको मिराबाई एकच धोशा लावून होती. "अवो, हिंगोलीला दाताची डॉक्टरीण हाय. चला, उपटून टाका एकदाची."

"तुला काय कळतंय? वरच्या दाढेची नस डोळ्याला असती. दाढ गेली की नजर गेली. अन् डोळ्यावर तर पोट हाय आपलं!"

सगळ्या तांड्यानं माना डोलावल्या. दाढ काढून आंधळा झालेला माणूस प्रत्येकानं ऐकला होता. तो कोणत्या गावचा, हे विचारलं की मात्र जो तो चुलीकडे बघायचा. तरी मोहनसिंगचं मत पक्कं झालं. डोळा सांभाळायचा, दाढ कितीही तकलीफ देवो.

पुढं व्हायचं तेच झालं. एका सकाळी गाल भोपळ्यासारखा फुगला, आणि सूज चढत चढत डावा डोळा पार मिटला. मिराबाई पहाटेच जळणाला कपाशीची वाळली पऱ्हाटी आणायला रानात गेलेली, घरात अडवायला कोणी नव्हतं. दुसरा आहे की, असं म्हणून पठ्ठ्यानं गाडी काढली. मास्तर आणि चार-सहा माणसं नेहमीसारखी बसली, एकानंही हू की चू केलं नाही. ज्याला त्याला वेळेवर पोचायचं होतं ना!

तांड्याच्या वळणावर डाव्या अंगाला धाडकन आवाज झाला. जीपच्या आरशाचा तडाखा कोणाच्या तरी पऱ्हाटीच्या भाऱ्याला बसला होता. मोहनसिंगनं ब्रेक दाबला, पळत मागं गेला. नालीत भाऱ्याखाली मिराबाई पडली होती.

भारा मधे होता म्हणून वाचली. कोपर सोललं होतं, लुगड्याला रक्त लागलं होतं. ती उठून बसली आणि नवऱ्याच्या त्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिली.

"डोळ्यासाठीच ठेवली न्हवं दाढ? मंग मी काहून दिसले न्हाई?"

मोहनसिंग तिच्याजवळ नालीतच मटकन बसला.

"मोहनसिंग, शाळेची वेळ होऊन राहिली," मास्तर गाडीतून म्हणाले.

"चालत जा मास्तर!" तो ओरडला, आणि ओरडण्यानं दाढेत अशी कळ गेली की त्यानं गाल गच्च दाबला. मग बायकोचं सोललेलं कोपर हळूच हातात घेतलं.

"डॉक्टरणीकडं जाऊ," तो म्हणाला. "पर तू माझ्यासंगं आत ये. लई भ्या वाटून राहिलं मला."