परत-सांगा मामा

सुई बरगडीखाली आत गेली, तेव्हा ती बाई मला म्हणाली, "बाय, माजी गाठ त काखेन हाय."

डॉक्टरसाहेबांचा हात थांबला. पडद्याबाहेरून मामांनी विचारलं, "काय म्हणाली? परत सांगा."

ठाण्याच्या दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या मामांना सगळे 'परत-सांगा मामा' म्हणत. गाठीत पू आहे का, हे पाहायला साहेब पोकळ सुई घालत. त्याआधी मामा नाव, बायकांना नवऱ्याचंही, मग गाव आणि बाजू दोनदा विचारत. मग कालवलेल्या लाल कावेची वाटी पुढे करत. दुखेल तिथे रोग्यानेच आपल्या बोटाने लाल ठिपका द्यायचा.

"मामा, कालच विचारलंत की," लोक हसत.

"मी ओळखतो रे तुला. सुई ओळखत नाही."

बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मग मामा बाहेर जाऊन तिच्या माणसाला शोधून आणत. तो सांगेपर्यंत सुई थांबे. पडद्याआड बायकांना धरून बसायचं काम माझं, त्यामुळे मी वैतागे.

त्या दिवशी दोन सखू होत्या. माजिवड्याच्या सखूला उजव्या बरगडीखाली गळू, कोपरच्या सखूला काखेत गाठ. मामांनी नाव विचारलं. आतली म्हणाली, "सखू." नवऱ्याचं नाव ती घेईना. मामा तिच्या माणसाला शोधायला उठले.

"माजिवड्याचीच आहे," मी म्हणाले. "मी विचारलंय. साहेब खोळंबलेत."

विचारलं नव्हतं. माजिवड्याच्या सखूच्या चिठ्ठीत पाहून बरगडीखाली ठिपकाही मीच दिला. दवाखान्यात असंच करत असतील, असं तिला वाटलं.

सुई आत लागून कोपरच्या सखूच्या पोटात रक्त साचलं. साहेब तिच्यापाशी अडकले. माजिवड्याच्या सखूला 'उद्या ये' म्हणून परत पाठवलं.

चौकशीत मामा म्हणाले, "ठिपका कोणी दिला, ते मी विचारलं नाही. चूक माझी." मी समोर उभी होते. नोकरी गेली असती तर मला कोणी घरात घेणारं नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. मामांना काढलं.

जाताना त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "आता तू विचारत जा. दोनदा."

विचारत राहिले. खरं सांगायला कल्याणला त्यांच्या घरी गेले, तोवर मामा वारले होते.

परत पाठवलेल्या माजिवड्याच्या सखूचं गळू त्या रात्री घरीच आत फुटलं. ती दगावली. कोपरची सखू महिन्याने आपल्या पायांनी घरी गेली.