तिसऱ्या घोसाची फळं

चिमटीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका कळीला झापत होती.

"काल बघितलं तेव्हा हिरवी होतीस. एवढ्यात उमलायची घाई? आता जा मर." असं म्हणून तिने ती कळी देठापासून खुडली, खिशात टाकली आणि शेजारच्या कळीकडे वळली.

मी कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी "आता आराम करा" असा धोशा लावला, म्हणून मी दुसऱ्याच महिन्यात एका बियाणं तयार करणाऱ्या फार्मवर कामाला लागले. बियाण्यात भेसळ होते की नाही ते बघायचं, एवढंच माझं काम. तिथे जाळीच्या सहा मोठ्या शेड होत्या, आत टोमॅटोच्या ओळी आणि ओळींमध्ये स्टुलांवर बसलेल्या बायका. त्यातली ही एक. चिमटा हातातून सुटत नसे आणि बोलणंही तसंच, नेमक्या जागी लागणारं, म्हणून चिमटी. खऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नसे.

तिचं काम नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. टोमॅटोचं फूल मोठं आपमतलबी. त्याचे पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची पिवळी नळी झालेली असते आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत उभा. परागकोश आतल्या आत फुटतात, पराग तिथल्या तिथे कुक्षीवर पडतात आणि फुलाचं आपलं आपणच उरकतं. बाहेरच्या कुणाची गरज नाही. आम्हाला मात्र एका जातीच्या आईवर दुसऱ्या जातीचा बाप हवा असतो. म्हणून फूल उमलायच्या आदल्या दिवशी, पाकळ्या फिकट पिवळसर असतानाच, चिमट्याने ती नळी ओढून काढायची. याला बायका कळी सोलणं म्हणतात. आत उरतो नुसता हिरवा दांडा आणि टोकाशी कुक्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या जातीच्या परागांची पूड त्या टोकाला लावायची. पराग कुक्षीवर रुजतो, त्याची नलिका दांड्यातून खाली अंडाशयात उतरते आणि एकेका बीजांडाचं बी होतं. पूड लावून झाली, की फुलाखालच्या पाच हिरव्या पानांपैकी दोन कापायची. ती खूण. पुढे फळ लाल झालं तरी टोपीची दोन पानं कापलेली दिसतात, आणि तेवढीच फळं बियाण्याला घेतात.

सगळी मेख कळीच्या रंगात आहे. फिकट पिवळी कळी चालते. गडद पिवळी झाली की संपलं, आतले परागकोश फुटायला लागलेले असतात. ती सोलून उपयोग नाही, खुडूनच टाकायची. मी फळ्यावर हजार वेळा फूल उभं चिरून दाखवलं, पण या दोन पिवळ्यांतला फरक मला चष्मा लावूनही दहातल्या सात वेळा कळायचा. चिमटीला दहातल्या दहा वेळा. दिवसाला सातशे कळ्या, चौदा वर्षं. तिच्या आठ ओळींतल्या बियाण्यात एकदाही भेसळ निघाली नव्हती. आपलं सातवीपर्यंतचं शिक्षण, नवऱ्याची व्हॅन, मुलीची नोकरी, यांतलं कशाचंच ती कौतुक करत नसे. ओळींचं करायची.

"बाई, तुम्ही शिकवता ते बरोबरच असणार," ती मला म्हणायची, "पण तुमचं फूल खडूचं. ते कधी म्हातारं होत नाही."

घर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्या. तिथे ती, नवरा आणि लग्न न केलेली नणंद. मुलगी दुसऱ्या शहरात. नवरा पावांची व्हॅन चालवायचा आणि बोलण्यात बायकोला हार जात नसे. "ही दिवसभर लोकांची लग्नं जमवते आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलायला हिला तोंड नसतं," असं तो मला एकदा फाटकाशी म्हणाला. ती म्हणाली, "तुमच्याशी बोलून काय उगवणार आहे?" दोघंही हसली.

एका सोमवारी सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधायला वाकला आणि वर आलाच नाही. वय त्रेपन्न.

बुधवारी दुपारी चिमटी कामावर हजर.

सगळ्या शेडने तोंडात बोटं घातली. काय धीराची बाई, असं जो तो म्हणू लागला. मीही म्हणाले. कामासारखं औषध नाही, असंही वर म्हणाले. शहाणपणाची वाक्यं मला नेहमी चुकीच्या वेळी सुचतात. तिच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून मी तिच्या हातांकडे बघितलं. हात चालत होते. तेवढ्यावर माझं समाधान झालं.

त्यानंतर ती रोज येत राहिली. पुढ्यात ठेवलं की खायची, विचारलं की उत्तर द्यायची. "जेवलीस का?" "हो." "मुलगी गेली परत?" "गेली." रडली नाही, चिडलीही नाही. कळ्यांशी बोलणं तेवढं बंद झालं. शेजारच्या ओळीतलीने एकदा मुद्दाम खोडी काढली, "चिमटी, आज कुणाची खरडपट्टी नाही?" तर ही तिच्याकडे अशी बघत राहिली, जणू कुणी भलत्याच बाईला हाक मारतंय. मग पुन्हा खाली मान.

सात आठवडे गेले. झाडावर पहिला घोस सगळ्यांत खाली, मग दुसरा, तिसरा, चौथा. पिकतातही त्याच क्रमाने. पहिल्या दोन घोसांची फळं तोडून झाली होती. तिसऱ्याची तोडणी गुरुवारी ठरली. प्रत्येकीच्या ओळींचा तपासणीचा नमुना मी पहिल्या घोसातूनच घेते; पुढे सगळ्या ओळींची फळं एकाच पिंपात पडतात, एकदा पडली की कुणाचं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

बुधवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझ्या ओळींतला तिसरा घोस पिंपात घालू नका."

"का? कीड लागली?"

"नाही. फळं चांगली आहेत."

"मग?"

"बी चांगलं नसणार."

मी पेन खाली ठेवलं. ती बाजारातली यादी सांगावी तशा आवाजात सांगत होती. नवरा गेला त्या आठवड्यात तिसरा घोस फुलावर होता. सोमवार आणि मंगळवार तिच्या ओळींना कुणी हात लावला नव्हता. दोन दिवसांत कळ्या पुढे गेल्या. बुधवारी आल्यावर आधी सगळ्या गडद कळ्या खुडून टाकायच्या, मग नव्या सोलायच्या, ही पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट. तिने खुडलं काहीच नव्हतं.

"सगळ्या सोलल्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सकाळी पूड लावली, पानं कापली. फळं धरली."

"हे तुला आठवतंय?"

"नाही ना. काहीच आठवत नाही. काल नणंद म्हणाली, त्या आठवड्यात तू पिवळे हात घेऊनच जेवायला बसायचीस, मी दोनदा उठवलं धुवायला." तिने स्वतःची बोटं माझ्यासमोर धरली. "टोमॅटोच्या पाल्याने हात हिरवटकाळे होतात, बाई. पिवळे नाही. पूड सकाळी लावतो, दुपारी हात स्पिरिटने धुतो. संध्याकाळी बोटं पिवळी, म्हणजे सोलताना नळी फुटलेली होती."

मला शिकवायला काही उरलं नव्हतं.

मुकादम तिथेच दोरीची गुंडाळी करत बसला होता. माणूस वाईट नाही, पण त्याला शांतता प्रिय. "कशाला खाजवून खरूज काढतेस?" तो म्हणाला. "टोपीची पानं कापलेली आहेत, फळ लाल आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. हजारांत थोडं इकडेतिकडे, कोण मोजायला बसलंय?"

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही मोजाल हो. पण तिच्या ओळी जातील त्याचं काय?"

ते खरं होतं. ज्या बाईच्या ओळींत भेसळ निघेल तिला फुलांवरून कायमचं काढायचं आणि बी धुण्याच्या हौदावर पाठवायचं, असा नियम होता. हौद म्हणजे आंबलेल्या गरात कोपरापर्यंत हात घालून बी चोळायचं. वास कपड्यांतून जात नाही. एकदा तिकडे गेलेली बाई फुलांवर परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आणि हा नियम केलेला मीच, पहिल्या वर्षी, मोठ्या तोऱ्यात.

"नियम माहीत आहे ना तुला?" मी विचारलं.

"तुम्हीच तर वाचून दाखवला होता."

"तरी सांगतेस?"

"दुसऱ्या कुणाला माहीतच नाही, तर कोण सांगणार?" असं म्हणून ती ओळीत परत गेली.

तिसऱ्या घोसाची तिची फळं मी वेगळ्या क्रेटमध्ये काढून फार्मच्या शीतखोलीत ठेवली. त्यांतल्या थोड्या फळांचं बी काढून, धुऊन, वाळवून शंभर बिया ट्रेमध्ये लावल्या. आमच्या आईच्या जातीचं पान बटाट्याच्या पानासारखं, कडा सरळ. बापाचं पान कातरलेलं. संकर झाला असेल तर रोपाचं पान बापासारखं कातरलेलंच येतं. सरळ कडांचं आलं, तर फुलाने आपलं आपणच उरकलं असं समजायचं. शंभरात एखादं सरळ निघालं तर चालतं. त्याहून जास्त असेल, तर सगळं फेकायचं.

तीन आठवडे मी त्या ट्रेकडे बघत होते. चिमटी एकदाही आली नाही. मुकादम मात्र रोज यायचा आणि वाकून बघून "सगळी सारखीच दिसतात मला" म्हणून जायचा.

मोजायच्या दिवशी मी तिला बोलावलं. मला वाटलं, तिने बघावं. ती स्टूल ओढून बसली आणि चिमट्याच्या टोकाने एकेक रोप बाजूला सारत मोजू लागली. सरळ पानाचं दिसलं की त्याच्या मुळाशी काडी टोचायची. शेवटी काड्या मोजल्या.

"एकतीस," ती म्हणाली.

 मी काड्या पुन्हा मोजल्या. एकतीसच.

मुकादमाने डोक्याला हात लावला. "एकतीस! अगं बाई, आंधळ्याने सोलल्या असत्या तरी..." मग त्याला आपण काय बोलतोय ते उमगलं आणि तो क्रेट उचलायला लागला. त्या दुपारी तिच्या तिसऱ्या घोसाची सगळी फळं खड्ड्यात गेली. चिमटीनेच निम्मे क्रेट वाहिले. फळं चांगली लाल होती. खड्ड्यात पडताना काही फुटली.

रात्रभर विचार करायची मला सवय नाही, मी तिथेच बसून निर्णय घेतला. जी बाई स्वतःहून येऊन सांगते तिलाच हाकलायचं, तर पुढच्या वेळी सांगायला कोण येईल? मी नियमाचा कागद काढला, त्यातली ओळ खोडली आणि खाली लिहिलं, की ज्या बाईने स्वतः दोष सांगितला तिच्या ओळी तिच्याकडेच राहतील. सही केली. मालकांकडे गेले. ते जरा कुरकुरले, मग मला कंटाळून हो म्हणाले. माणसं मला कंटाळून बरीच कामं करतात.

मी कागद घेऊन शेडमध्ये आले आणि तिला वाचून दाखवला.

"ओळी तुझ्याच. पुढच्या सोमवारी नवी लागवड फुलावर येतेय."

तिने ऐकून घेतलं. मग ओळीतली एक फांदी वाकवली. खुडायचा चुकून राहिलेल्या शेंड्याला दोन कळ्या होत्या. त्या मला दाखवत म्हणाली, "यातली सोलायची कुठली?"

मी चष्मा चढवला. "डावी. उजवी पुढे गेलीय."

"असेल."

"असेल काय? तुला दिसत नाही?"

"पिवळ्या दिसतात. दोन्ही." तिने फांदी सोडली. "त्या दिवसापासून असंच आहे, बाई. नंतरच्या घोसाला मी शेजारच्या ओळीतलीला विचारून विचारून सोललं. ती वैतागली. रंग दिसतो, पण कुठला कुठला ते आतून येत नाही."

"डॉक्टरला दाखव डोळे."

"दाखवले. चष्म्याचा नंबरसुद्धा नाही म्हणाला."

मी फांदी पुन्हा वाकवून त्या दोन कळ्या बघितल्या. 

"मला हौदावर घाला," ती म्हणाली. "तिथे बघावं लागत नाही. बी हाताला कळतं."

"किती दिवस?"

"ते मला काय माहीत? दिसायला लागलं की सांगेन की."

सोमवारी ती हौदावर गेली. तिच्या आठ ओळी मी शेजारणीकडे दिल्या आणि वहीत तिच्या नावापुढे "तात्पुरत्या" असं लिहिलं. त्याला आता दोन हंगाम झाले. हौदावर ती वेळेवर येते, बी उत्तम धुते, कुणाशी भांडत नाही. तिथल्या बायका म्हणतात, स्वभावाने फार शांत आहे हो. त्यांनी तिला पूर्वी पाहिलेलं नाही. मधूनमधून मी त्या बाजूने जाते आणि "काय गं?" म्हणते. ती गरातून हात बाहेर न काढता मान हलवते आणि म्हणते, "अजून नाही, बाई."