सात नंबरचं मशीन

टायपिंगच्या क्लासात बारा वर्षं काढली की बोटं थकतात आणि किस्से मात्र वाढत जातात. आठवडे बाजारात, कुणाच्या लग्नात जुना विद्यार्थी भेटला की "बाई, तो किस्सा सांगा ना!" म्हणून हात धरून बसतो. मी सांगते. लोक हसतात. सांगता सांगता माझं डोकं तापतं, ते कुणाला कळत नाही.

परवा एका शाळेत 'जिद्द आणि यश' यावर कुणाचं तरी व्याख्यान होतं. मलाही आमंत्रण होतं. गेले नाही! ऐंशीच्या दशकात या विषयावर मी इतकं ऐकलंय की पुढच्या जन्मालाही पुरेल.

* * *

आमचा क्लास रत्नागिरीत, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर. बारा मशीनं, आणि भिंतभर सुविचारांच्या पाट्या. मालक नामजोशी सर, हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. शिकवायचं काम माझं. दर शनिवारी सर सगळी मशीनं थांबवायला लावायचे आणि पंधरा मिनिटं 'ध्येय' या विषयावर बोलायचे. पंधराची पस्तीस व्हायची. बारा जणांची प्रॅक्टिस बुडायची, ती बुडायचीच.

एकदा एका मुलाने विचारलं, "सर, नोकरीत असताना तुमचा स्पीड किती होता हो?"

सर्वांच्या माना वर! सर खाकरले. म्हणाले, "स्पीड बाई शिकवतात. मी ध्येय शिकवतो."

खरी गोष्ट अशी, की सरांना टाइप करता येतच नव्हतं. विजेच्या बिलाबद्दल साधा अर्ज करायचा तरी मला हाक. एकदा मी रजेवर होते, तर दोन बोटांनी 'महोदय' लिहीपर्यंत त्यांचा चहा निवला म्हणे.

* * *

एका वर्षी सरांनी मार्गदर्शनाला एक बागायतदार बोलावले. पांढरेशुभ्र कपडे, बोटांत तीन अंगठ्या. तासभर एकच पालुपद, "मी शून्यातून वर आलो! तुम्हीही येऊ शकता!"

शेवटच्या बाकावर सुलभा शितप बसली होती. तीस-बत्तिशीची, गप्प गप्प असणारी. माहेर लांज्याकडचं, त्यामुळे तिला आजूबाजूच्या सगळ्या बागा ठाऊक. ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "बाई, ह्यांच्या शून्यात हापूसची चारशे कलमं होती. वडिलांनी लावलेली."

मला असं हसू फुटलं की खोकल्याचं नाटक करून बाहेर जावं लागलं. नंतर सरांनी मलाच झापलं, "मोठ्या माणसांकडून काही घ्यायचं असतं बाई!" काय घ्यायचं? कलमं तर ते देणार नव्हते!

* * *

आता या सुलभाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येतं.

तिचा नवरा सरकारी कचेरीत क्लार्क. ऐन उमेदीत गेला. त्याच्या जागेवर हिला घेतलं, पण एक अट घालून. दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली! परीक्षा वर्षातून दोनदा. म्हणजे चान्स चार. घरी सहा वर्षांची मुलगी, आणि मागे उभं राहणारं कुणी नाही.

बाई कष्टाळू किती म्हणून सांगू! ऑफिस सुटलं की क्लास, क्लास सुटला की घर. घरी मशीन कुठलं असायला? तिने पुठ्ठ्यावर पेनने कीबोर्ड काढला होता. चुलीवर भात रटरटतोय, लेक पुस्तकातला धडा मोठ्याने वाचतेय आणि ही पुठ्ठ्यावर बोटं आपटतेय! एसटीतसुद्धा मांडीवरच्या पिशवीवर बोटं चालूच. एकदा कंडक्टरने काळजीने विचारलं, "ताई, थंडी वाजतेय काय? खिडकी लावू?"

वैशाखात!

क्लासात मी घड्याळ लावून तिचा स्पीड घ्यायची. मिनिटाला तीस शब्द लागतात, ही चौतीस-पस्तिसावर जायची. चुका नाहीत. आणि परीक्षेला? फेल!

दुसऱ्यांदा? फेल!

मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. तिचे साहेब म्हणाले, "मन एकाग्र करा." शेजारीण म्हणाली, "गणपतीपुळ्याला नवस बोल गो." सरांनी तर शनिवारचं अख्खं भाषण तिच्यावर दिलं. तिला उभी करून! "प्रयत्नांती परमेश्वर. ह्या ताई कुठे कमी पडतात? जिद्दीत!" ती मान खाली घालून उभी. मी तिथेच होते आणि गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो. सरांचा येतो त्याहून जास्त स्वतःचा.

कारण मला कारण माहीत होतं.

* * *

परीक्षेला मशीन क्लासाने न्यायचं असे. आदल्या संध्याकाळी बाराही मशीनं पुसायची, आणि कुणी कुठल्या मशीनवर बसायचं त्याच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवायच्या. यादी सर करायचे. हुशार, पहिल्यांदा बसणाऱ्या मुलांना चांगली मशीनं. एकदा फेल झालेल्यांना उरलेली. दोनदा फेल झालेल्याला सात नंबर! सुलभा पहिल्या खेपेला उशिरा नाव घालायला आली, तेव्हाही हेच तिच्या वाट्याला आलं होतं, आणि दुसऱ्या खेपेला उरलेल्यांतूनही हेच.

सात नंबर म्हणजे काय, तेही सांगते. खारी हवा, त्यात मशीन खिडकीशी. कान्याची दांडी कागदाला चिकटली की परत खाली यायची नाही, बोटाने ओढून घ्यायची. मराठीत पाच-सहा अक्षरं झाली की काना लागतोच! क्लासात ते मशीन आम्ही झाकूनच ठेवायचो. सुलभाचा सराव तीन नंबरवर, आणि परीक्षा सातवर.

मी सरांना म्हटलं, "सर, सुलभाला ह्या खेपेला चांगलं मशीन द्या हो. तिची नोकरी आहे त्याच्यावर."

सर शांतपणे म्हणाले, "बाई, फेल होणाऱ्याला चांगलं मशीन देऊन ते वाया कशाला घालवायचं?"

"अहो पण ती मशीनमुळेच फेल होते!"

"नाचता येईना अंगण वाकडं!" सर म्हणाले, आणि डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.

मेकॅनिकला दाखवा म्हटलं तर म्हणे, कोल्हापूरहून माणूस बोलवावा लागेल, पुढच्या वर्षी बघू. आणि ती चिठ्ठी मी चिकटवली. माझ्या ह्या हातांनी!

तिसऱ्यांदा फेल. रिझल्टच्या दिवशी सुलभा जिन्यात बसून राहिली. रडली नाही. म्हणाली, "बाई, माझ्यात खरंच जिद्द नाही का हो? परीक्षेत दांडी अडकते, ती माझ्याच हाताने ना? घरी तर बोटं अडत नाहीत." मग मात्र मी तिला सगळं सांगून टाकलं. यादी, चिठ्ठ्या, सात नंबर, डिंक, सगळं.

तिने ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "म्हणजे मी दीड वर्ष पुठ्ठ्याला दोष देत होते."

* * *

चौथा आणि शेवटचा चान्स. परीक्षेची सकाळ.

मशीनं हातगाडीवरून शाळेत गेली होती. गाडीवाल्याने ती व्हरांड्यात ओळीने मांडली. पद्धत अशी, की ज्याने त्याने आपल्या नावाचं मशीन उचलून आपल्या बाकावर न्यायचं. मी पावणेसातला पोचले तर सुलभा आधीच हजर. ती दोन नंबरच्या मशीनसमोर उभी होती. दोन नंबर म्हणजे आमचं सगळ्यात गुणी मशीन, लोण्यासारखं चालणारं. त्यावर चिठ्ठी होती नंदूची.

नंदू सरांचा भाचा. कॉलेजात होता, घरची वखार होती. मामाने सांगितलं म्हणून टायपिंगला बसलेला.

सुलभा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी सरांना विचारणार नाही. तुम्हालाही विचारत नाही. मी हे नेतेय. अडवायचं असेल तर अडवा."

हात मशीनवर घट्ट!

मी काय केलं? नखाने दोन्ही चिठ्ठ्या खरवडल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या, नंदूची सातवर, सुलभाची दोनवर. डिंक ओला व्हायला थुंकी लावावी लागली, तीही लावली. बाई म्हणून बारा वर्षांत केलेलं हे माझं एकमेव शहाणपणाचं काम!

तिने ते धूड एकटीने उचललं. गाडीवाला धावला, "ताई, द्या हिकडं!" तर त्यालाही हात लावू दिला नाही.

नंदू आला घंटेला पाच मिनिटं असताना, वडा खात. चिठ्ठी बघितली, मशीन उचललं आणि गेला. नंबर बघायची त्याला गरजच कधी पडली नव्हती. मला त्याची दया आली का? आली, थोडी. पण त्याला सहा महिन्यांनी पुन्हा बसता येणार होतं. सुलभाला नव्हतं.

हॉलमधून मशीनांचा खडखडाट सुरू झाला. मी बाहेर पायरीवर बसून होते. पायांना मुंग्या आल्या तरी उठले नाही.

* * *

रिझल्ट आला त्या दिवसाचा किस्सा सांगते आणि थांबते.

मी क्लासात पोचले तर सरांच्या टेबलाशी नंदू मान खाली घालून बसलेला, आणि शेजारी त्याची आई, म्हणजे सरांची धाकटी बहीण, डोळ्यांना पदर लावून. नंदू फेल!

ती म्हणत होती, "दादा, ह्याच्यात जिद्दच नाही रे! काय करू ह्याचं?"

"अगो, काहीतरीच काय बोलतेस!" सर ताडकन उठले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "पोराचा काडीचा दोष नाही! चिठ्ठ्यांच्या घोळात त्याच्या वाट्याला सात नंबर आलं! दांडी खाली येत नाही त्याची! त्याच्यावर साक्षात ब्रह्मदेव बसला तरी फेल होईल! उद्याच्या उद्या कोल्हापूरहून मेकॅनिक बोलावतो!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात सुलभा. एका हाताला लेक, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. सरांचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

ती सावकाश चालत टेबलापाशी आली. पुडा सोडला आणि सरांच्या पुढे धरला.

"घ्या सर," म्हणाली. "मी तीनदा बसले होते त्याच्यावर."