लताबाईंच्या केसांची शेड

आमच्या शाळेत आम्ही बायका तीनच, पण किस्से तीस जणींना पुरतील एवढे. मधल्या सुट्टीत डबे उघडले की एक किस्सा निघतो आणि डबे बंद होईपर्यंत त्याला चार फाटे फुटतात. या वर्षी मात्र सगळे किस्से एकाच विषयाचे: लताबाईंचे केस!

लताबाई मेश्राम आमच्या मुख्याध्यापिका. केस कापसासारखे पांढरे. मागे भाचीच्या लग्नासाठी डाय लावला, तर सकाळी डोळेच उघडेनात. तोंड एवढं सुजलं की व्हिडिओवाल्याने नवरीला हळूच विचारलं, "या बाईंना घ्यायचं का नाई?" डॉक्टरांनी डायचं नावच काढायचं नाही असं बजावलं आणि विषय मिटला.

तो पुन्हा उघडला बाईंच्या आईने. आई सिंदेवाहीला, बाईंच्या धाकट्या भावाकडे असते. नव्वदीला टेकली आहे. जुनं सगळं लख्ख आठवतं, आत्ताचं काही नाही. एका रविवारी लताबाई गेल्या, तर आई खाटेवरून उठून उभी राहिली. "बसा जी बाई. लता घरी नाई. धान रोवाले गेली, सांजेले येईन."

सख्ख्या लेकीला पाहुणीसारखा चहा! हे सांगताना बाई हसल्या, आम्हीही हसलो, पण त्या दिवशी डबे भरलेलेच घरी परत गेले. बाई म्हणाल्या, "मले तिनं एकदा लता म्हणून हाक मारली पाह्यजे. बस."

आमची कुळमेथे मॅडम सगळ्यात लहान, भामरागडकडची. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उपाय असतो. "बाई, टेंपररी कलर! लावा, भेटा, धुऊन टाका." आधी बाईंच्या कानामागे ठिपका लावून दोन दिवस वाट पाहिली. खाज नाही, सूज नाही. आम्हाला तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यासारखं झालं!

पहिल्या रविवारी काळाकुट्ट स्प्रे मारला. आईने बाईंना खालून वर पाहिलं आणि सुनेला हाक मारली, "नाटकवाल्या बाई आल्या वो, पाणी आण."

शिवाय भिंतीला टेकून बसल्यामुळे लताबाईंच्या डोक्याचा काळा गोल भावाच्या नव्या पेंटवर उमटला. तो अजून आहे.

तेव्हा भावाने सांगितलं, "ताईचे केस कवा काळे होते? उन्हात तांबूस दिसत." झालं, आता तांबूस म्हणजे नेमका किती तांबूस, याचा शोध सुरू. बाईंनी कॉलेजातला फोटो आणला. ब्लॅक अँड व्हाइट!

मग मीच त्यांच्या मिस्टरांना फोन लावला. "भाऊजी, लग्नात बाईंच्या केसांचा रंग कोणता होता?" पलीकडून मग उत्तर आलं, "डोक्यावर पदर होता ना वो."

शेवटी कुळमेथेच्या घरी बैठक बसली. रंगाच्या तीन डब्यांवरची इंग्रजी नावं कोणालाच कळेनात, म्हणून आम्हीच नावं ठेवली: गुळाचा, विटेचा, वाळल्या मोहफुलाचा. बाईंची एकेक बट रंगवून बघितली. ट्यूबलाइटखाली तिन्ही सारखेच. अंगणात उन्हात गेलो तर विटेचा पांढऱ्या केसांवर चढून थेट गाजर झालेला! मोहफुलाच्या बटेकडे मात्र बाई आरशात बघतच राहिल्या. "हाच," म्हणाल्या. मी टाळ्या वाजवल्या, मला राहवलंच नाही.

पुढच्या रविवारी घरूनच रंगवून, हेल्मेट घालून बाई स्कूटीवर निघाल्या. भर दुपारचं ऊन. जंगलाच्या नाक्यावर हेल्मेट काढलं तर कपाळावरून तपकिरी ओघळ गालापर्यंत. गार्डने नमस्कार करून विचारलं, "मॅडम, तुमच्या गावी होळी आज हाय का?" बाई तिथूनच परतल्या.

म्हणून या खेपेला आम्ही तिघी बसने गेलो, रंगाचा डबा पर्समध्ये. भावाच्या शेजारणीकडे बसून बाईंचे केस रंगवले, वाळवले, पाठीवर सोडले.  

आई अंगणात खाटेवर होती. तिने मान वर केली, डोळे बारीक केले आणि कडाडली, "लता! कुठी होती वो एवढा येळ?"

कुळमेथेने माझा दंड एवढा दाबला की दुसऱ्या दिवशी निळा पडला. आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी. बाई तर जागच्या हलेनात.

आईने बाईंना जवळ बोलावून केसांतून बोटं फिरवली. बोटांना रंग लागला. "धानाच्या बांधीतली माती डोकशात भरून आणली. जा, धुऊन ये आधी."

"बाई, धुवू नका," कुळमेथे कळवळून म्हणाली. "सगळा रंग जाईन. त्या पुन्हा विसरतीन."

"मायनं सांगितलं ना," लताबाई म्हणाल्या आणि न्हाणीत गेल्या.

दोन बादल्या तपकिरी पाणी वाहून गेलं. लताबाई पांढरे केस निथळत बाहेर आल्या आणि खाली मान घालून खाटेपाशी बसल्या.  आईने पदराने त्यांचं डोकं पुसायला घेतलं. पुसता पुसता एक पांढरी बट हातात धरून तिने उजेडाकडे केली.

"तुये केस कवा पिकले वो लता? मले सांगितलं नाई."