इंद्राच्या दरबारातला हीट पंप

आमच्या जॉन्सनव्हिलच्या फार्मसीत नीलांबरी आठवड्यातले तीन दिवस औषधं देते आणि उरलेले दिवस थापा मारते. म्हणजे कादंबऱ्या लिहिते. जन्म लेस्टरचा, पासपोर्ट ब्रिटिश, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आली. आधी तिने देवाभुतांच्या विनोदी कादंबऱ्या लिहिल्या. त्या बेताच्याच खपल्या, म्हणून प्रकाशकाने ऐतिहासिक लिहायला लावलं, तेही एका इंग्रज पुरुषाच्या नावाने. त्या मात्र धो धो चालल्या.

पुण्याहून कायमचे राहायला आलेले तिचे सासरे, चंद्रशेखरराव, या ‘साहेबा’चे भक्त. सुनेच्या पुस्तकांना ते पोरखेळ म्हणत आणि हातही लावत नसत. मला त्यांचा रागच यायचा. नीलांबरी म्हणायची, नाही वाचत तेच बरं. कारण स्वतःच्या नावाने लिहिलेल्या तिच्या ताज्या विनोदी पुस्तकात एक म्हातारा राजा स्वर्गात जातो आणि कानटोपी घालून इंद्राचा दरबार उबदार ठेवणारा हीट पंप सारखा बंद करत फिरतो. कुडकुडणाऱ्या अप्सरांना सांगतो, स्वेटर घाला. हे सगळं तिने घरातूनच उचललं होतं.

यंदा प्रकाशकाने जाहीर करून टाकलं की हे दोन्ही लेखक म्हणजे एकच बाई. सासऱ्यांना भरून आलं. साहेब आपल्याच घरात निघाला म्हणून त्यांनी सुनेची क्षमा मागितली आणि नेमकं राजाचं पुस्तक घेऊन खोलीत गेले. त्या शनिवारी मी तिथेच होते. नीलांबरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“सिद्धी, ते हर्ट होऊन परत गेले ना, तर तिकडे अगदी एकटे पडतील गं,” ती म्हणाली. सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं.

तासाभराने खोलीतून खोकला ऐकू आला, मग हसू. चंद्रशेखरराव डोळे पुसत बाहेर आले, जाता जाता हीट पंप बंद केला आणि म्हणाले, “अगं, हे तर हुबेहूब आमचे अण्णा. त्यांना साताऱ्याला एक प्रत आजच पाठव.”

नीलांबरी मटकन खुर्चीत बसली. मलाही इतकं हायसं वाटलं, की त्यांना मी आपण होऊन चहा करून दिला.

महिन्याभराने त्यांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा फोन आला. नशिबाने तो नीलांबरीनेच उचलला.

“चंदूला सांगू नकोस हं, सूनबाई,” अण्णा हसू दाबत म्हणाले, “पण अगदी हुबेहूब उतरवलायस त्याला.”