तुरीच्या भावाचा दाखला

अकोल्याच्या बाजारातले तुरीचे भाव मी अडत्यांशी भांडून भांडून जमवले होते. मित्राने त्यावर लेख छापला आणि माझं नाव शेवटी आभारात टाकलं. आमच्या कृषी अर्थशास्त्रात आभार म्हणजे पंगतीला न बसवता हातावर ठेवलेली सुपारी. तेव्हापासून मी त्याच्या एकाही लेखाचा दाखला दिला नाही. त्यानेही अमरावतीत बसून माझा दिला नाही.

यंदा माझ्या विद्यार्थिनीचा लेख नियतकालिकाकडून परत आला. तो छापून आला नाही तर तिचा प्रबंध अडणार होता. माझ्याच हट्टामुळे तिने अकोल्याच्या भावांसाठी दिल्लीच्या संशोधकाचा दाखला दिला होता. दिल्लीवाल्याने ते आकडे घेतले होते माझ्या मित्राच्या लेखातून! परीक्षकाने बजावलं : मूळ लेखाचा दाखला द्या, मूळ आकडे जोडा. माझी प्रत जुन्या संगणकाबरोबर गेलेली. म्हणजे माझेच आकडे मागायला मी तिला घेऊन अमरावतीला.

"ये बे," दार उघडत मित्र म्हणाला. "फोन काहून नाई केला?"

"फोनवर सौदा होत नाई."

"सर, सौदा नका ना करू," ती कुजबुजली.

तिने परीक्षकाचं पत्र दाखवलं, तसे त्याने कपाटातून आकडे काढून दिले. मी म्हटलं, "तुह्या लेखाचा दाखला देतो. पण या लेखावर आपल्या तिघांची नावं कोणत्या क्रमानं, ते बोल."

त्याने गळ्यातला दुपट्टा आमच्या हातांवर टाकला. बैलबाजारात असाच फडक्याखाली बोटं धरून भाव ठरतो. आमच्या दोघांच्या बापांनी अंजनगावात आयुष्यभर तसाच ठरवला. त्याने माझी दोन बोटं दाबली. पोरगी पहिली, मी दुसरा.

"अन् तू?"

"माह्यं नाव नको."

मी भडकलो. "एवढ्या वर्षांचा राग तुले फुकटात मिटवायचा आहे काय?" आणि त्याची तीन बोटं करकचून धरली.

"सोड बे, मोडशील! टाक तिसरं."

तिने तिथूनच लेख पाठवला.

परतताना मूर्तिजापूरपर्यंत मी त्याला शिव्याच देत होतो. ती म्हणाली, "सर, मग पुढचा लेख त्यांच्यासोबत नाही ना?"

"म्हणजे? त्याले असा सोडतो काय मी!"